वाळवीच्या नावावर

बर्वेजी,

तुमच्या शोकसभेत मी खोटं बोललो. नवीन काही नाही, जुनंच. वीस-बावीस वर्षं जे बोलत आलो तेच, फक्त या वेळी समोर तुमचा हार घातलेला फोटो होता आणि हातात माइक होता.

सभा आपल्याच वाचनकक्षात ठेवली होती. टेबलं भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. तुम्हाला ते आवडलं नसतं. टेबलाचे पाय फरशीवर घासले की तुम्ही आतून ओरडायचात, "उचलून, भिया, उचलून!" एकेक जण उठून तीच गोष्ट सांगत होता. आधी बर्वेजी कुणाला पानाला हात लावू द्यायचे नाहीत. मग एका वर्षी मागच्या खोलीत वाळवी लागली, विधानसभेच्या जुन्या कच्च्या प्रतींचे रॅकच्या रॅक गेले. आणि त्या दिवसापासून बर्वेजींनी कुलपं उघडली. गोष्ट चांगली आहे. ऐकणाऱ्याला बोध होतो आणि सांगणाऱ्याला ती वेळेत संपवता येते. मला 'दो शब्द' बोलायला सांगितलं तेव्हा मीही तीच सांगितली. शेवटी म्हणालो, "नुकसानीतून माणूस कसा मोठा होतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं." लोकांनी माना हलवल्या.

वाळवी लागली नव्हती. त्या प्रती मी रद्दीत दिल्या होत्या.

हे वाक्य तुमच्यासमोर बसून बोलायचं होतं. संधी मिळाली नाही असं म्हणणार नाही. निवृत्त झाल्यावरही तुम्ही बाजारात जाता-येता कक्षात डोकवायचात, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचात, पिशवी मांडीवर घेऊन चहा प्यायचात. मी तुम्हाला नव्या स्कॅनरबद्दल सांगायचो. तुम्ही म्हणायचात, "अच्छा. आणि बाइंडिंग न तोडता होतं का ते?" मी हो म्हणायचो. तेवढं तरी खरं असायचं.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा, असं मला सांगितलंय. 'आपणच सर्वांत जवळचे' म्हणाले. अंक वाचणाऱ्यांनी आपली खोली पाहिलेली नाही, म्हणून थोडं त्यांच्यासाठी लिहितो. तुम्ही हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

आपल्या सरकारी ग्रंथालयात डाव्या अंगाला एक दार आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला येणारी मुलं त्या दाराला पाठ लावून बसतात, आत काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं. आत जुन्या मध्य भारत राज्याच्या काळापासूनच्या विधानसभेच्या कार्यवाह्या आहेत, राजपत्रं आहेत, विधेयकं आणि समित्यांचे अहवाल आहेत. कोणत्या आमदाराने काय विचारलं, मंत्र्याने काय उत्तर दिलं, कोण मध्येच उठलं, कोण हसलं. सभागृह चालू असतं तेव्हा रोजचं बोलणं आधी कच्च्या प्रतीत छापलं जातं. ती प्रत सदस्यांकडे जाते. ते आपापली भाषा नीट करून देतात. मग दुरुस्त मजकूर छापून त्याचा जाड ग्रंथ बांधला जातो. ग्रंथ आला की कच्ची प्रत कुणाच्या कामाची राहत नाही, असं सगळीकडे धरून चालतात. तुम्ही धरलं नाही. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी रॅक, त्यात लाल कापडाच्या बस्त्यांत बांधलेल्या कच्च्या प्रती, आणि प्रत्येकीवर शिक्का: 'केवल सदस्यों के उपयोग हेतु'. खोलीला कुलूप. किल्ली तुमच्या जानव्याला होती असं लोक गमतीने म्हणायचे. ती खरं तर चष्म्याच्या घरात असायची.

बाकीच्या ग्रंथांसाठीसुद्धा तुमचे नियम होते. चिठ्ठी भरायची, ओळखपत्र दाखवायचं, कशासाठी हवंय ते लिहायचं. पेन बाहेर, पेन्सिल आत. एका वेळी एकच खंड, तोही तुमच्या खुर्चीजवळच्या टेबलावर. आणि सगळ्यात आधी हात दाखवायचे. एका वकील साहेबांना तुम्ही दारातून परत पाठवलं होतंत ते मला आठवतं.

"पोहे खाऊन आलात?"

"हाँ, तो?"

"तो साबुन उधर है, साहब. जिरावन मसाल्यासकट नको."

वकील साहेब चिडले, पण हात धुऊन आले.

मी आलो तेव्हा नुकती ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला होतो. घर परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, वडील मिलमध्ये क्लार्क. मला वाटायचं, ग्रंथालय म्हणजे वाचकाचं घर, आणि तुम्ही त्या घराच्या फाटकावर बसलेले चौकीदार. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणालोही होतो, पहिल्याच महिन्यात. तुम्ही डबा उघडत होतात. म्हणालात, "चौकीदार नसेल तर घर राहतं का रे?" आणि मला भरल्या मिरचीतली अर्धी मिरची दिलीत.

डबा खाताना तुम्ही कार्यवाहीतले कंस वाचून दाखवायचात. भाषणं नाही, फक्त कंस. '(हंसी)'. '(व्यवधान)'. '(कई सदस्य एक साथ खड़े हो गए)'. तुमचं म्हणणं, सभागृहात खरं काय झालं ते कंसात असतं. पुढे पुढे आपलं रोजचं बोलणंही तसंच झालं. आपले प्रमुख साहेब कुणावर तरी खेकसून गेले की तुम्ही खालच्या आवाजात म्हणायचात, "कंसात, व्यवधान." मी फायलीत तोंड खुपसून हसायचो. इतकी वर्षं नोकरी केली, पण दुपारच्या त्या अर्ध्या तासाइतका मी कुठेच रमलो नाही. हे सांगायलाही उशीरच झालाय.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. परदेशीपुऱ्यातले चौहानजी यायचे. मिल बंद पडल्यावर युनियनचं काम करणारे, साधे, हट्टी गृहस्थ. त्यांना जुन्या कामगार विधेयकावरची चर्चा हवी होती. ग्रंथ त्यांनी वाचला होता. त्यांचं म्हणणं, ज्या आमदाराला त्यांनी लहानपणी गल्लीत बोलताना ऐकलं तो असा बोलणारच नाही. "ये तो किताब बोल रही है, बर्वेजी. वो आदमी नहीं बोल रहा." त्यांना कच्ची प्रत हवी होती. तुम्ही शिक्का दाखवलात. ते पुन्हा आले, तुम्ही पुन्हा शिक्का दाखवलात.

ते गेल्यावर मी म्हणालो, "बर्वेजी, त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे तुम्हालाही माहीत आहे."

"आहे ना."

"मग द्या."

"शिक्का माझा नाही, दिलीप. सभागृहाचा आहे."

"मग फेकून द्या. जे कोणी वाचूच शकत नाही, ते असलं काय आणि नसलं काय?"

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "आज देता येत नाही, म्हणून उद्याही येणार नाही, असं कुणी सांगितलं तुला? नियम बदलतात. कागद गेला की मग नियम बदलून काय वाचणार, डोंबल?"

मी उठून हात धुवायला गेलो. नंतर सुचलं ते उत्तर नव्हतं.

त्या वर्षी ग्रंथालयाला पहिल्यांदा संगणक मिळणार होते. भोपाळहून तपासणी येणार होती आणि साहेबांना त्याआधी संगणक-कक्ष तयार हवा होता. जागा कुठे? मागची खोली. तुम्ही नाही म्हणालात, लेखी नाही. साहेबांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. मग तुमच्या मुलीचे दिवस भरत आले आणि तारीख अलीकडे आली. तुम्ही आणि वहिनी घाईघाईने तिच्या सासरी नाशिकला गेलात. जाताना मला म्हणालात, "यंदा वाट्या राहिल्या रे. आल्यावर बघू." दर वर्षी पावसाळ्याआधी तुम्ही रॅकच्या पायांखाली तेलाच्या वाट्या ठेवायचात, बस्त्यांत कडुनिंबाची पानं आणि डांबराच्या गोळ्या घालायचात, स्वतः, बाह्या सरसावून. ते काम तुमच्याकडे होतं आणि ते तुम्ही दुसऱ्याला देत नव्हता.

तुम्ही गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम तो पढ़े-लिखे हो. डुप्लिकेट ही तो है सब. तुम देख लो." रीतीप्रमाणे करायचं तर यादी करावी लागते, समिती बसते, भोपाळची मंजुरी येते. यादी केली असती तर ती तुमच्या सहीला आली असती. म्हणून यादी केली नाही. साहेबांनी मला जबरदस्ती केली असं मी बरीच वर्षं मनात म्हणत आलो. तसं नव्हतं. मला पटलं होतं. मला ती खोली उघडी, पंखा लावलेली, संगणकांसमोर माणसं बसलेली अशी दिसत होती, आणि मला वाटत होतं की मी वाचकांची बाजू घेतोय. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर बस्तेही टेम्पोत चढले. कापडं तेवढी काढून घेतली, कापड चांगलं होतं.

एक बस्ता सोडताना प्रत उघडली गेली, ती मी वाचली. दोन सदस्य भांडत होते, अर्धं हिंदी, अर्धं माळवी. अध्यक्ष त्यांना बसा म्हणत होते आणि ते बसत नव्हते. मला हसू आलं. तुम्हाला दाखवावं असंही मनात आलं. मग ती प्रतही टेम्पोत ठेवली.

तुमचं परत येणं ठरल्यापेक्षा अलीकडे आलं. वहिनींनी शेजारच्यांना फोन केला आणि शेजारच्यांनी ऑफिसात. तेव्हा साहेबांना घाम फुटला. मंजुरीशिवाय सरकारी कागद रद्दीत गेले म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे दोघांचीही. त्यांनीच वाळवीचा उपाय काढला. "दीमक लिख दो. दीमक से कोई बयान नहीं लेता." मी सूचीच्या वहीत लिहिलं. माझ्याच अक्षरात: दीमक से नष्ट.

तुम्ही सोमवारी आलात. मी दारातच सांगितलं. वाक्य घोकून ठेवलं होतं. "बर्वेजी, मागच्या खोलीत वाळवी लागली. काही वाचवता आलं नाही. जाळून टाकावं लागलं." तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. त्यात माझ्यासाठी नाशिकचा चिवडा होता, तो नंतर दिलात. आत गेलात. खोली रिकामी, रॅक मागच्या पडवीत काढलेले, भिंतींना नुकता चुना मारलेला. तुम्ही भिंतीला हात लावून उभे राहिलात आणि म्हणालात, "वाट्या भरल्या नव्हत्या मी."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या एका वाक्यानंतर. तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता. मला वाटलं होतं तुम्ही साहेबांवर चिडाल, माझ्यावर संशय घ्याल, मी खोटं रेटून नेईन. मी भांडणाची तयारी करून आलो होतो. तुम्ही सगळं आपल्यावर घ्याल याची तयारी नव्हती. मी म्हणालो, "असू दे, बर्वेजी. तुमचा काय दोष." हे खरं होतं, म्हणून अगदी सहज बोलता आलं.

तुम्ही खात्याला लिहून दिलंत की कीटकनियंत्रणाची जबाबदारी तुमची होती आणि ती तुमच्याकडून पार पडली नाही. तुमच्या सेवेच्या नोंदीत ताकीद आली. साहेबांची बदली झाली, ते पुढे निवृत्त झाले आणि गेले. मला संगणक-कक्ष मिळाला.

मग चौहानजी आले. तुम्ही उठून त्यांच्यासमोर गेलात. मी शेजारच्या टेबलावर होतो, माझ्यासमोर नवा कीबोर्ड होता, त्याच्यावरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. तुम्ही हात जोडलेत.

"चौहानजी, होतं तेव्हा मी दिलं नाही. आता द्यायला नाहीये."

चौहानजींना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "अरे, बर्वेजी, आप क्यों हाथ जोड़ रहे हो? आपने थोड़ी खाया है."

तुम्ही हसला नाहीत. "मैंने ही खिलाया," म्हणालात.

त्यानंतरचे तुम्ही वेगळे होतात. हे शोकसभेतल्या लोकांनी सांगितलं ते खरं आहे. जे खंड 'लेखी परवानगीनेच' होते, त्यांच्यासाठी तुम्ही भोपाळच्या खेपा घातल्यात. पहाटेच्या बसने जायचात, संध्याकाळी परत. तिथला बाबू म्हणायचा, कुणी मागितलंय का हे? तुम्ही म्हणायचात, मागायच्या आत द्यायचंय. एकेक करून बंधनं सैल झाली. कारण विचारणं तुम्ही बंद केलंत. कॉलेजच्या मुली यायच्या, त्यांना तुम्ही स्वतः खंड काढून द्यायचात आणि सांगायचात, "घ्या, वाचून घ्या. वाळवीच्या आधी." मुली हसायच्या. हात धुवायला मात्र पाठवायचात.

आणि मी काय करत होतो? मी ते बघत होतो आणि मला ते आवडत होतं. इथे मला सरळ लिहायचं आहे, कारण हीच गोष्ट मी सगळ्यात जास्त लपवली. मला वाटायला लागलं होतं की माझ्या खोट्याने काम केलं. मी वर्षभर वाद घालून तुम्हाला जे पटवू शकलो नाही ते न घडलेल्या वाळवीने पटवलं. मग सांगायचं कशाला? सांगितलं तर तुम्ही पुन्हा कुलूप लावाल. चौहानजींसारख्यांचं नुकसान होईल. म्हणजे माझं गप्प राहणं हे वाचकांच्या हिताचं होतं. असा हिशेब मी मांडला होता आणि तो दर वर्षी बरोबर येत होता.

तुम्ही पुन्हा कुलूप लावलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित नसतं. कदाचित तुम्ही म्हणाला असतात, "बघ, मी सांगत होतो, वाळवी नाही, माणसंच." ते तर आणखी कडक नियमांचं कारण झालं असतं. तो वाद आपल्यात व्हायला हवा होता. तुमचे नियम खऱ्या कारणाने बदलायला हवे होते किंवा खऱ्या कारणाने तसेच राहायला हवे होते. मी तुम्हाला निवडायला दिलंच नाही. वाचकाला चिठ्ठी भरायला लावणाऱ्याला मी नावं ठेवली, आणि तुमच्या आयुष्यातली एक गोष्ट मी तुम्हालाच वाचू दिली नाही.

एकदा जवळ आलो होतो. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी. तुम्ही मला किल्ली दिलीत, त्या मागच्या खोलीची, जी आता कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. म्हणालात, "ठेव. माझ्या हातून गेलं ते एवढंच." मी म्हणालो, "बर्वेजी, एक सांगायचं होतं." तुम्ही थांबलात. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. कुणीतरी हाक मारली हे खरं आहे, पण फोटो झाल्यावरही दिवस शिल्लक होता. तुम्ही विचारलंतही, "काय म्हणत होतास?" मी म्हटलं, "काही नाही. पगडी छान दिसतेय."

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी दोनदा आलो. पहिल्या वेळी तुम्ही झोपेत होतात. दुसऱ्या वेळी जागे होतात आणि बोलत होतात, पण नाकात नळी होती, आणि मला वाटलं, अशा माणसावर हे कशाला घालायचं. हा विचार दयेचा वाटला म्हणून मी त्याला थांबवलं नाही.

शोकसभा झाली, सतरंज्या गुंडाळल्या. जाताना चौहानजींनी माझा हात धरला. आता पार थकलेत. म्हणाले, "दिलीप भिया, दीमक ने हमारा बड़ा नुकसान किया, पर आदमी अच्छा दे गई." मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. घरी न जाता परत कक्षात आलो आणि संगणक उघडला. सूचीत त्या प्रतींची नोंद अजून आहे. शेरा: दीमक से नष्ट. तो मी खोडला नाही, कारण खोडलं की पहिलं काय होतं ते कळत नाही. हे तुम्हीच शिकवलेलं. खाली नवीन ओळ घातली, की हा शेरा असत्य आहे, प्रती मंजुरी न घेता रद्दीत दिल्या, आणि खाली माझं नाव.

सध्या ज्या मॅडम प्रमुख आहेत, त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी ती नोंद वाचली, दार लोटून घेतलं.

"सर, बर्वे सर अब रहे नहीं. आपके भी दो-तीन साल बचे हैं. इसे रहने दें?"

"नहीं, मैडम."

"इन्क्वायरी बैठ सकती है."

"बैठने दीजिए."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "ठीक है, लिख के दीजिए." दिलं. पुढचं भोपाळहून कळेल. चौहानजींना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बर्वेजी को बताया था?" मी नाही म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

राहिल्या वहिनी.

हे छापून त्यांच्या हातात पडण्याआधी त्यांना सांगायला हवं होतं. परवा तुमच्या घरी, सुदामा नगरला गेलो. तुमची मुलगी नाशिकला परत गेली आहे, वहिनी एकट्या होत्या. मी लोखंडी खुर्चीवर बसलो. त्यांनी चहा केला, सोबत शेव ठेवली. "खा ना, भाऊजी. दिवस झाले सगळे, आता चालतं." मी खाल्लं नाही. सांगितलं. जसं वर लिहिलं तसंच, टेम्पोपर्यंत सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे वाळवी नव्हतीच?"

"नव्हती."

"एक पण नाही?"

"नाही, वहिनी."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. खोलीत नजर फिरवली. लोखंडी पलंग, लोखंडी कपाट, देवही स्टीलच्या फळीवर.

"त्या वर्षी घरातलं सगळं लाकूड काढलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, ऑफिसातून कपड्यांवर बसून घरी आली असेल. माझ्या आईचा पाळणा होता, सागाचा. पोरगी त्यातच झोपलेली. नातू इकडे येणार म्हणून मी पुसून ठेवलेला. तो पण दिला कबाड्याला. मी रडले. तर म्हणाले, रडू नकोस, मी एवढे कागद घालवले, तुझा पाळणा काय घेऊन बसलीस."

माफी मागायला आलो होतो, पण पाळण्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं.

"आणि मी त्यांना विचारलं होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आमच्या माहेरी, हातोदच्या घरात दर वर्षी वाळवी. मला नको शिकवायला. ती येते तर माती घेऊन येते, भिंतीवरून लांब रेघ चालते मातीची. मी म्हटलं, अहो, एवढं सगळं खाल्लं तर माती कुठंय? रॅकला एक तरी रेघ दिसली का तुम्हाला?"

"मग?"

"विचारात पडले. जेवता जेवता थांबले. मला वाटलं, आता उठतात आणि जाऊन बघतात."

त्यांनी माझ्यासमोरचा चहा उचलला. गार झाला होता.

"मग म्हणाले, मी तिथे नव्हतो. दिलीप होता. दिलीप सांगतोय ना. आणि भात मागितला."